झेंडावंदनाच्या आसपासचं इंजेक्शन: एका ऊसतोड बाळंतिणीचं प्रकरण

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी दर महिन्याच्या ९ तारखेला असते. बीड जिल्ह्यातल्या आमच्या ग्रामीण रुग्णालयात त्यातली सगळ्यात गर्दीची तारीख ९ मे. कारखाने बंद होऊन टोळ्या गावाकडे परतलेल्या असतात आणि सहा महिन्यांत ज्यांची नोंदच कुठे झालेली नाही अशा गरोदर बाया एकदम रांगेत उभ्या राहतात. ती त्यातलीच एक. वय २०, दुसरी खेप, पाचवा महिना सरत आलेला, हिमोग्लोबिन ८.४, कडेवर चौदा महिन्यांची मुलगी. (गाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. तारखांचं गणित मात्र जसंच्या तसं ठेवलं आहे, कारण सगळं प्रकरण त्या गणितावरच उभं आहे.)

बोलत होत्या सासूबाई. "मुलगा झाला तर लगेच ऑपरेशन करून टाका मॅडम. मुलगी झाली तर मग पुढचं पुढं." मी म्हटलं, मावशी, कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेला बाईचं वय २२ पूर्ण लागतं, ही वीसच वर्षांची आहे. त्यावर, "आधारवर काय बी असतंय, ती बावीसचीच हाय." लग्नाच्या वेळी मात्र त्याच कार्डावरचं वय सगळ्यांना पटलं होतं.

मग मी गर्भनिरोधकांचा ट्रे उघडला आणि माझं नेहमीचं भाषण दिलं. ट्रेमध्ये तांबी (पिशवीत बसवायची कॉपर-टी), माला-एन आणि छायाच्या गोळ्या, अंतराचं इंजेक्शन, निरोध असं सगळं असतं. पण भाषणाचा कल कुणीकडे आहे हे समोरच्या बाईला कळतंच. मला तांबी आवडते. एकदा बसवली की ३८०-ए जातीची १० वर्षं, ३७५ ची ५ वर्षं चालते; रोज काही लक्षात ठेवायचं नाही, दुधावर परिणाम नाही, नको झाली की काढता येते. बाळंतपणात वार पडल्यावर १० मिनिटांत बसवता येते, तेव्हा राहिली तर ४८ तासांच्या आत, सिझर असेल तर त्याच वेळी. ४८ तास उलटले की मात्र सहा आठवडे थांबावं लागतं, आणि सहा आठवड्यांनी परत येणारी बाई आमच्याकडे विरळा. म्हणून हा विषय गरोदरपणातच काढायचा असतो, कळा सुरू झाल्यावर नाही.

हे सगळं मी तिला सांगितलं. ती जमिनीकडे बघत होती. दोनच शब्द बोलली. तांबी म्हटल्यावर "नको", आणि मग काय करणार असं विचारल्यावर "बघू". मी माता-बाल संरक्षण कार्डावर "समुपदेशन केले" असं लिहिलं आणि पुढच्या बाईला हाक मारली. बाहेर साठ जणी होत्या हे खरं आहे. पण "नको" हा शब्द एवढ्या पटकन का आला, हे मी विचारलं नाही, हेही खरं आहे.

विचारलं ते आमच्या सिस्टरने, जुलैमध्ये. आशाताई तिला शिरेतून लोहाचं औषध द्यायला घेऊन आली होती. सलाईन लावलेली बाई तासभर एका जागी असते आणि सासू मुलीला घेऊन बाहेर झाडाखाली जाते. सिस्टरने पलंगाच्या कडेला बसून एवढंच विचारलं, "मागच्या टायमाला काय झालं होतं गं?"

मागच्या वेळी ती दुसरीकडे बाळंत झाली होती. कळांनी जीव चाललेला असताना कुणीतरी विचारलं, "बसवू का?" तिला वाटलं सलाईनबद्दल विचारतायत. ती "हं" म्हणाली. घरी गेल्यावर सव्वा महिन्याने आंघोळ करताना हाताला दोरा लागला. तिला वाटलं टाक्याचा दोरा राहिलाय, किंवा आतडं बाहेर येतंय. हे तिने कुणालाही सांगितलं नाही. नंतर पाळी सुरू झाली तीच अंगावरून जास्त जाऊ लागली. टोळीबरोबर कारखान्यावर गेल्यावर नवरा म्हणाला काहीतरी टोचतंय. तिथल्या एका दवाखान्यात डॉक्टरने बघितलं, "तांबी आहे की, काढू का?" म्हणून काढली. चार-पाचशे रुपये घेतले. आपल्या पोटात तांबी होती हे तिला ती बाहेर आल्यावर कळलं.

मी हे सिस्टरकडून ऐकलं तेव्हा माझ्या मे महिन्यातल्या भाषणाची मला लाज वाटली. मी तांबीचे फायदे सांगत होते आणि तिला ऐकू येत होतं ते "न विचारता तुझ्या अंगात बसवलेली वस्तू".

वैद्यकीयदृष्ट्या त्या सगळ्यात न होण्यासारखं काहीच नव्हतं. बाळंतपणात बसवलेल्या तांबीचा दोरा सुरुवातीला दिसत नाही, पिशवी आकसत गेली की हळूहळू खाली येतो, सहा आठवड्यांच्या तपासणीत तो कापून लहान करतात. नवऱ्याला टोचत होतं ते तेच. पहिल्या काही पाळ्या जास्त जातात, त्याला गोळ्या आहेत. यातली तीन वाक्यं तिला आधी कुणी सांगितली असती तर तांबी कदाचित आजही आत असती. पण तिच्याकडे ती माहिती नव्हती, दोरा होता.

तांबी काढली ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला. त्यानंतर काय वापरायचं हे काढणाऱ्याने सांगितलं नाही. ती निर्धास्त होती, कारण मुलगी अजून अंगावर पीत होती. पाजतोय तोवर दिवस राहत नाहीत, ही आपल्याकडची पक्की समजूत आहे, आणि ती पूर्ण चुकीची नाही, हीच त्यातली अडचण. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, आईच्या दुधाशिवाय त्याला पाणीसुद्धा दिलं जात नसेल, रात्रंदिवस पाजलं जात असेल, आणि पाळी अजून आलेली नसेल, तर अंगावरचं दूध साधारण ९८ टक्के संरक्षण देतं. या अटी एकाच वेळी पाळल्या जायला हव्यात. हिचं बाळ आठ महिन्यांचं, भाकरी कुस्करून खाणारं, आणि पाळी कधीच सुरू झालेली. एकही अट उरलेली नव्हती. डिसेंबरच्या ८ तारखेला शेवटची पाळी आली, त्यानंतर दिवस गेले.

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, दोघांच्या नावावर घेतलेली असते; एकीने सुट्टी घेतली की खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. उलट्या होत होत्या तरी ती मोळ्या डोक्यावरून ट्रॅक्टरला चढवत होती. पाचव्या महिन्यापर्यंत गरोदरपणाची नोंद झाली नव्हती ती याच कारणाने. बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहू देण्याआधी निदान २४ महिने जाऊ द्यावेत असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. हिच्या बाबतीत नऊ महिनेच गेले.

त्या दिवशी सलाईन संपत आलं तेव्हा तिने सिस्टरला एक प्रश्न विचारला, जो आमच्या भागात काम करणाऱ्या कुणालाच नवा नाही. "पिशवीच काढून टाकली तर?" तिच्या टोळीतल्या दोघी-तिघी काढून मोकळ्या झालेल्या होत्या, तिशीच्या आत. २०१९ मध्ये हा विषय राज्यभर गाजला. सरकारी समितीसाठी बीड जिल्ह्यात झालेल्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली होती. सिस्टरने तिला घाबरवलं नाही. पाळी, अंगावरून जाणं, दिवस राहण्याची भीती या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींवर पिशवी न काढता इलाज आहे, एवढंच सांगितलं. मग म्हणाली, "तुला यातलं सगळ्यात जास्त काय नको आहे?"

"फडात पाळी."

फडावर, म्हणजे ऊस तोडायच्या शेतात, आडोसा नाही, राहायच्या कोपीत पाणी दूरवरून आणायचं, कापड वाळत घालायला जागा नाही. पहाटे चारला निघायचं ते अंधार पडल्यावर परत यायचं. मी एवढी वर्षं इथे आहे, पण पद्धत निवडताना या बाजूने कधी विचार केला नव्हता. आमच्या तक्त्यात "पाळी अनियमित होणे किंवा बंद होणे" हे अंतराच्या दुष्परिणामांच्या रकान्यात असतं.

अंतरा म्हणजे तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं संप्रेरकाचं इंजेक्शन. २०१७ पासून सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतं. बाळाला पाजणाऱ्या बाईला सहा आठवड्यांनंतर देता येतं. सुरुवातीला डाग पडत राहतात, मधूनमधून लाल-तपकिरी जातं, मग बहुतेकींची पाळी कमी होत होत थांबते. "रक्त आत साठतं का?" हा प्रश्न हमखास येतो, तिनेही विचारला. साठत नाही. पिशवीचं अस्तरच पातळ राहतं, त्यामुळे बाहेर टाकायला काही तयारच होत नाही. इंजेक्शन बंद केल्यावर लगेच दिवस राहतीलच असं नाही, सात ते दहा महिने लागू शकतात. हे ऐकून ती म्हणाली, "मग तर बरंच की." वजन थोडं वाढू शकतं, हेही सांगितलं. त्यावर ती हसली. ४१ किलोच्या बाईला ही भीती दाखवणं मलाही विनोदी वाटलं.

प्रश्न उरला तारखांचा. सिस्टरने भिंतीवरचं कालनिर्णय काढून पलंगावर ठेवलं. बाळंतपणाची अपेक्षित तारीख १४ सप्टेंबर. त्यापुढे ४२ दिवस म्हणजे २६ ऑक्टोबर. टोळी त्याच सुमाराला निघते. पहिला डोस निघायच्या आधी बसत होता. दुसरा २६ जानेवारीला, म्हणजे ती फडावर असताना. तिसरा एप्रिलच्या शेवटी, परत आल्यावर. सहा महिन्यांच्या हंगामात परक्या गावी घ्यायचं इंजेक्शन एकच. आणि त्यालाही मुदत आहे: ठरलेल्या तारखेच्या दोन आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत घेता येतं. म्हणजे १२ जानेवारी ते २३ फेब्रुवारी, सहा आठवड्यांची फट. त्यात एक खाडा परवडतो का, हे तिने मनातल्या मनात मोजलं असावं. "परवडंल," म्हणाली.

मी तरीही शेवटचा प्रयत्न केला, हे कबूल करते. ऑगस्टच्या तपासणीत तांबी पुन्हा समोर ठेवली. या वेळी दोरा तिच्या हातात दिला, पिशवीच्या रबरी नमुन्यात बसवून दाखवली. तिने नीट बघितली, दोरा बोटाला गुंडाळला. "चांगली हाय. पण मला नको." हे "नको" मे महिन्यातल्यासारखं नव्हतं. कार्डावर मी ठळक अक्षरांत लिहिलं: "तांबी नको, समजून घेऊन नकार. सहा आठवड्यांनी अंतरा."

नवरा एकदाच आला. पुरुष नसबंदीचं बोलल्यावर म्हणाला, "मग कोयता कोण उचलणार?" बिनटाक्याच्या नसबंदीनंतर दोन दिवस विश्रांती आणि आठवडाभर जड काम बंद एवढंच लागतं, आणि हंगाम सुरू व्हायला अजून दोन महिने होते. पण तो उठून तंबाखू मळायला बाहेर गेला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली दिसते, पुरुषांचं प्रमाण अर्धा टक्काही भरत नाही. त्या बाकड्यावर हे आकडे रोज बसलेले दिसतात.

बाळंतपण १४ तारखेलाच झालं, रात्री पावणेतीनला. ती आली तेव्हा पिशवीचं तोंड सात सेंटिमीटर उघडलं होतं. रात्रपाळीच्या सिस्टर नवीन होत्या. पद्धतींची उद्दिष्टं सरकारने १९९६ मध्येच रद्द केली आहेत, पण महिन्याच्या बैठकीत बाळंतपणातल्या तांब्यांचा आकडा विचारला जातोच, आणि बाई टेबलवर असताना ट्रेमध्ये लांब चिमटा तयार ठेवलेला असतो. वार पडली. सिस्टरनी विचारलं, "तांबी बसवू ना गं?" दीड वर्षापूर्वीचाच प्रश्न, तशाच वेळी. ती काही बोलण्याच्या अवस्थेत नव्हती. आशाताईने कार्ड उघडून सिस्टरच्या समोर धरलं. चिमटा ट्रेमध्येच राहिला.

तांबीसाठी बाईला घेऊन आलं तर आशाताईला १५० रुपये मिळतात. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण कार्ड समोर धरलं ते तिने.

मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी फेरीला गेले तेव्हा सासूबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. ऑपरेशनचा विषय कुणी काढला नाही. ती मला हळूच म्हणाली, "आता कुणीच नाही म्हणत, ऑपरेशन करा." तिच्या आवाजात दुःख होतं की सुटका, मला ओळखता आलं नाही.

पुढचे सहा आठवडे अंगावरच्या दुधाच्या भरवशावर काढायचे होते, आणि त्यात खरा अडथळा होता बाळगुटीचा. बाराव्या दिवशी सहाण बाहेर निघते, मुरडशेंग, हळकुंड, खारीक उगाळली जाते. आशाताई घरी बाळ बघायला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी जाते. त्यातल्या तीन भेटी सासूबाईंशी याच वादात गेल्या. गुटी शेवटी सुरू झालीच, पण चमच्याच्या टोकावर. दूध दिवस-रात्र चालू राहिलं. पाळी आली नव्हती. मी त्यावर समाधान मानलं, आणि सोबत निरोधची पाकिटं पाठवली.

२६ ऑक्टोबर. बेचाळिसावा दिवस: आशाताईची शेवटची भेट, बाळाचं दीड महिन्याचं लसीकरण, आणि अंतराचा पहिला डोस, तिन्ही एकाच फेरीत. टोळी निघायला तीन दिवस होते. रक्तदाब ११०/७०, हिमोग्लोबिन १०.१. सिस्टरने दंडात इंजेक्शन दिलं आणि दोनदा बजावलं, "इथं चोळायचं नाही, शेकायचं नाही." बाळंतिणीला हे मुद्दाम सांगावं लागतं, शेगडी घरात पेटलेलीच असते, आणि दंड दुखतोय म्हटलं की सासू पहिल्यांदा तव्यावर कापड तापवते. चोळल्या-शेकल्याने औषध लवकर शोषलं जातं आणि तीन महिने पुरत नाही.

अंतराचं कार्ड तिला वाचता येत होतं, सातवी झालेली आहे. तरी सिस्टरने तारखेऐवजी खूण सांगितली. "झेंडावंदन झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जायचं. त्याच दिवशी नाही, सुट्टी असते." कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिने आधार कार्डाबरोबर ठेवलं.

डिसेंबरमध्ये आशाताईला तिचा फोन आला. वीस दिवस झाले, डाग थांबत नाहीत. आधीच सांगितलेलं होतं म्हणून काढून टाकायची घाई नव्हती, आणि इंजेक्शन काढता येतही नाही. चक्कर येते का, कापड किती वेळा बदलावं लागतं, हे विचारलं. दिवसाला एक. लोहाच्या गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या. आठवड्याने थांबलं, ते पुढे आलंच नाही.

जानेवारीत ती सांगितल्याप्रमाणे जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली. तिथे सांगितलं, पहिला डोस जिथे घेतला तिथेच जा, इथे तुमची नोंद नाही. असा काही नियम नाही. कार्ड असेल तर कुठल्याही सरकारी केंद्रात पुढचा डोस मिळायला हवा. एक खाडा पडला तो फुकट. रात्री आशाताईने मला सांगितलं, दुसऱ्या दिवशी मी तिथल्या सिस्टरशी फोनवर बोलले. बिचारीने नाही म्हटलं नाही. तिला फक्त कुठल्या रजिस्टरमध्ये लिहायचं हा प्रश्न होता. २ फेब्रुवारीला डोस मिळाला. मुदतीत. दुसरा खाडा.

दोन खाडे तिच्या उचलीतून कापले गेले, आणि त्याचा रकाना आमच्या कुठल्याच अहवालात नाही.

एप्रिलच्या २८ तारखेला ती आली. बाळ साडेसात महिन्यांचं, मोठी मुलगी पदर धरून. हिमोग्लोबिन १०.८. टोळीतली आणखी एक बाई सोबत होती, तिला "काय असतंय ते" विचारायचं होतं. सिस्टरने त्या बाईला आत नेलं. इकडे मी हिला विचारलं, तिसरा डोस घ्यायचा की दुसरं काही बघायचं? छायाची गोळी आहे, आठवड्यातून दोनदा तीन महिने, मग आठवड्याला एक. तिने ऐकून घेतलं. मग डाव्या हाताच्या पेरांवर अंगठा सरकवत पुटपुटायला लागली. मे, जून, जुलै. पुन्हा ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर.

"जुलैचा इथंच. मग ऑक्टोबरचा निघायच्या आधी बसतोय," ती म्हणाली. "तिकडचा एकच राहतोय. तेवढं त्या बाईंना आधीच फोन करून ठेवा."

मी नंबर शोधायला फोन काढला.